बेसबॉलचा ४२ नंबर आणि आपले पालवणकर बाळू

कळमेश्वरवरून मी परत एकदा तुमच्या कानात. आणि ज्यांचा नेटपॅक संपला आहे किंवा जे बसमध्ये इअरफोन विसरून आले आहेत, त्यांच्यासाठी हा भाग इथं लिहून टाकतो आहे. बोलताना आलं तसंच ठेवलं आहे, फक्त माझं 'अं... अं...' तेवढं कापलं आहे.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. त्यानं लिहिलं होतं, "भाऊ, एक रील पाह्यली. अमेरिकेत बेसबॉलची मॅच सुरू आहे, अन् दोन्ही टीमच्या सगळ्या प्लेअरच्या पाठीवर एकच नंबर, ४२. अंपायर कसा ओळखत असन बे यायले? हे काय लफडं आहे?"

लफडं नाही मित्रा. पण गोष्ट आहे, आणि ती सांगता सांगता मला आपल्या पुण्या-मुंबईपर्यंत यावं लागणार आहे. शेवटी कळमेश्वरपर्यंतही. म्हणून आज थोडं निवांत ऐका.

आधी एक मिनिट बेसबॉल

ज्यांना बेसबॉल म्हणजे काय ते माहीत नाही, त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात. बॉल टाकणारा तो पिचर. बॉल टप्पा न पडता थेट येतो, आपल्या फुलटॉससारखा. मारणाऱ्यानं मारायचं आणि पळायचं. मैदानावर चौकोनात चार ठिकाणं असतात, त्यांना बेस म्हणतात. पहिला, दुसरा, तिसरा असं करत परत घरी, म्हणजे होम प्लेटवर आलात की एक रन. बॉल थेट कुंपणाबाहेर गेला की होम रन, आपला सिक्सर समजा. अमेरिकेतली सगळ्यात वरची व्यावसायिक स्पर्धा म्हणजे मेजर लीग. तिचा शेवटचा सामना-संच म्हणजे वर्ल्ड सिरीज. बस, आजच्यापुरतं एवढं पुरे.

१५ एप्रिल १९४७

जागा न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. मैदानाचं नाव एबेट्स फील्ड. प्रेक्षक सुमारे २६ हजार. ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडून पहिल्या बेसवर एक नवा खेळाडू उभा राहिला. नाव जॅकी रॉबिन्सन, वय २८, पाठीवर ४२.

आता तुम्हाला वाटेल की त्यानं त्या दिवशी चार-पाच होम रन ठोकले असतील. नाही! त्या दिवशी त्याला एकही हिट मिळाला नाही. एकदा समोरच्या संघाच्या चुकीमुळे तो बेसवर पोचला आणि पुढे एक रन काढला. डॉजर्स ५-३ नं जिंकले. स्कोरकार्ड पाहिलं तर अगदी साधा दिवस. आजच्या हायलाइट्समध्ये त्याची दहा सेकंदांची क्लिपसुद्धा निघाली नसती.

पण बेसबॉलच्या इतिहासातले सगळ्यात मोठे क्षण मोजायला बसलं, तर बरेच लोक हाच दिवस पहिला धरतात. कारण रॉबिन्सन काळा होता. आणि १८८० च्या दशकानंतर मेजर लीगमध्ये एकाही काळ्या खेळाडूला उतरू दिलं गेलं नव्हतं. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा एक काळा खेळाडू टोलेडोच्या संघाकडून खेळला होता. त्यानंतर दार बंद झालं ते साठ वर्षं.

गंमत म्हणजे मेजर लीगच्या नियमांच्या पुस्तकात असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मालक लोकांनी आपसात ठरवून टाकलं होतं. कोणी विचारलं तर सांगायचे, 'आमची काही हरकत नाही, पण चांगला खेळाडू मिळाला पाहिजे नं!'

चांगले खेळाडू नव्हते का? होते की. त्यांची वेगळी लीग होती. १९२० मध्ये रूब फॉस्टर नावाच्या काळ्या खेळाडू-मालकानं कॅन्सस सिटीत बैठक घेऊन ती उभी केली. तिला निग्रो लीग म्हणायचे. आज आपण तो शब्द माणसासाठी वापरत नाही, पण लीगचं नाव तेच होतं. त्या लीगमध्ये जोश गिब्सन नावाचा एक फलंदाज होता. त्याचे होम रन ही दंतकथा झाली होती. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये वारला, वयाच्या ३५ व्या वर्षी. रॉबिन्सन मैदानावर उतरला त्याच्या तीन महिने आधी. तीन महिने, मंडळी!

दार उघडलं कोणी?

डॉजर्सचा कारभार पाहणारा माणूस होता ब्रँच रिकी. त्यानं ऑगस्ट १९४५ मध्ये रॉबिन्सनला बोलावून घेतलं. रॉबिन्सन काही गप्प बसणारा गडी नव्हता. सैन्यात असताना, १९४४ मध्ये, बसमध्ये मागे जाऊन बसायला सांगितलं तेव्हा त्यानं नकार दिला होता. त्यावरून त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. अशा माणसाकडून रिकीनं कबुली घेतली की लोक शिव्या देतील, अंगावर बॉल मारतील, तरी तू उलट वार करायचा नाही.

रिकीला अन्याय खटकत होता, हे खरं. त्याला मॅचेस जिंकायच्या होत्या आणि तिकिटं विकायची होती, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

पहिल्याच वर्षी रॉबिन्सन लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला. १९४९ मध्ये सर्वोत्तम खेळाडू. १९५५ मध्ये डॉजर्सनं वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा तो संघात होता. आणि त्या पहिल्या दिवसाला ५० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९९७ मध्ये, मेजर लीगनं सगळ्याच संघांमध्ये ४२ नंबर कायमचा बंद केला. आता वर्षातून एकदा, १५ एप्रिलला, सगळे खेळाडू तोच नंबर घालतात. मित्रा, तुझी रील त्या दिवसाची आहे.

इथं मी थांबू शकलो असतो. पण हे वाचताना मला सारखं वाटत होतं की ही गोष्ट आपण आधी कुठं तरी ऐकली आहे.

'लगान'मधला कचरा खरा कोण?

'लगान' पाहिला आहे नं? त्यातला कचरा आठवा. अस्पृश्य मानलेला, हात वाकडा, त्यामुळे बॉल भन्नाट वळतो. बरेच जण म्हणतात की या पात्रामागे पालवणकर बाळू आहेत. पण बाळूंचा हात वाकडा नव्हता. त्यांचा बॉल वळायचा तो कामामुळे. कसं, ते ऐका.

पालवणकर घराणं मूळचं कोकणातलं, चर्मकार समाजातलं. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा. वडील सैन्याच्या नोकरीत, म्हणून कुटुंब पुण्यात. बाळूंना पहिली नोकरी लागली ती पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. मग ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले, तिथं ४ रुपये. नेट बांधायचं, पिच तयार करायचं आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा बॉलिंग करायची.

त्या साहेबांत ग्रेग नावाचा एक मोठा फलंदाज होता. बाळू त्याला तासन् तास बॉल टाकायचे. डावखुरी स्पिन. असं सांगतात की ग्रेगला आऊट केलं की बाळूंना आठ आणे मिळायचे. आणि असंही सांगतात की इतक्या वर्षांत त्यांच्या हातात बॅट मात्र एकदाही दिली गेली नाही. बॅटिंग साहेबांची, घाम नोकराचा.

म्हणजे बघा, कचऱ्याला बॉल वळवण्याची देणगी अपघातानं मिळाली. बाळूंची बॉलिंग ही शेकडो तासांची मजुरी होती. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. सिनेमात आपण चमत्कार पाहतो, आणि त्यामागची चार रुपयांची नोकरी विसरून जातो.

पहिलं दार: मैदान

तेव्हा संघ धर्माप्रमाणे असायचे. युरोपियन, पारशी, हिंदू, पुढे मुस्लिम. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं. आणि त्या गोऱ्यांना रोज नेटमध्ये चकवणारा माणूस डोळ्यासमोर होता. संघात खळखळ झाली. काहींनी नाकं मुरडली. पण शेवटी बाळूंना घेतलं. का? न्याय म्हणून थोडं, आणि जिंकायचं म्हणून जास्त. ब्रँच रिकी आठवला का?

पुण्यात प्लेग आला तेव्हा, १८९६ च्या सुमारास, बाळू मुंबईला गेले. तिथं रेल्वेत नोकरी, आणि हिंदू जिमखान्याकडून क्रिकेट. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघानं युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या संघात बाळू होते आणि त्यांचे भाऊ शिवरामही. ज्या काळात आपण इंग्रजांचे गुलाम होतो, त्या काळातली ही जीत!

मग १९११. भारताचा पहिला मोठा संघ इंग्लंडला गेला, पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली. संघानं फार मार खाल्ला. १४ प्रथम श्रेणी सामन्यांत १० हरले. पण बाळूंनी त्या दौऱ्यात सगळे सामने धरून ११४ विकेट घेतल्या. चाळिशीकडे झुकलेला माणूस, परका देश, गार हवा, आणि ११४ विकेट.

दुसरं दार: चहा

आता जरा मैदानाबाहेर या. पुण्यात बाळू हिंदू संघाकडून खेळायचे तेव्हा चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसायचे. बाळूंचा चहा बाहेर यायचा, मातीच्या भांड्यातून. पिऊन झालं की फोडून टाकता येईल असं भांडं. जेवणाचं ताट वेगळं. ज्या हातानं टाकलेला बॉल संघाला जिंकवायचा, त्या हाताला संघाचा कप चालत नव्हता.

रॉबिन्सनचंही तेच. मैदानावर तो डॉजर्सचा, पण काही शहरांत हॉटेलवाले बाकीच्या संघाला खोल्या द्यायचे आणि त्याला नाही. तो सामान घेऊन दुसरीकडे कुठं तरी उतरायचा. दुसऱ्या दिवशी परत मैदानावर येऊन बेस चोरायचा. 'बेस चोरणं' हा बेसबॉलचा नियमातला डाव आहे बरं का, पिचरचं लक्ष चुकवून पुढच्या बेसवर पळायचं. पहिल्या वर्षी त्या लीगमध्ये सगळ्यात जास्त बेस त्यानंच चोरले, २९.

तिसरं दार: कप्तानी

हे दार सगळ्यात जड. तुम्ही खेळा, विकेट घ्या, आम्ही टाळ्या वाजवतो. पण हुकूम तुमचा? ते कसं चालेल!

बाळू वर्षानुवर्षं हिंदू संघाचे सगळ्यात मोठे बॉलर होते, पण कप्तान कधीच झाले नाहीत. १९१३ मध्ये एम. डी. पै कप्तान झाले. त्यांच्या सत्कारात खुद्द पै यांनीच सांगितलं की हा मान बाळूंना मिळायला हवा होता, ते जास्त ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत. तरी काही हललं नाही.

१९२० मध्ये ठिणगी पडली. बाळूंना संघातून वगळलं. पै आजारी, म्हणून कप्तानी दि. ब. देवधरांकडे. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल तेव्हा संघातले सगळ्यात मोठे फलंदाज होते, त्यांना डावललं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम दोघांनी सरळ सांगितलं की आम्ही खेळणार नाही. वर्तमानपत्रांत चर्चा पेटली. शेवटी तडजोड झाली. पै परत कप्तान, बाळू उपकप्तान.

आणि १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवलं. ज्या भावाला बाहेर चहा मिळायचा, त्याच्या धाकट्या भावाला लोकांनी खांद्यावर घेतलं. विठ्ठलांनी पुढे मराठीत आत्मचरित्रही लिहिलं, 'माझे क्रीडा-जीवन'.

बेसबॉलमध्ये हे तिसरं दार कधी उघडलं, माहीत आहे? मेजर लीगमध्ये पहिला काळा मॅनेजर, म्हणजे संघ चालवणारा मुख्य माणूस, १९७५ मध्ये आला. फ्रँक रॉबिन्सन, क्लीव्हलँडचा. आडनाव सारखं, पण नातं नाही. १९४७ मध्ये मैदान मिळालं, हुकूम मिळायला आणखी २८ वर्षं. जॅकी रॉबिन्सन तोवर वारला होता, १९७२ मध्ये.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. 'पहिला खेळाडू आला' या क्षणावर आपण टाळ्या वाजवतो आणि गोष्ट संपली समजतो. पण संघात घेणं वेगळं, सोबत चहा पिणं वेगळं, आणि त्याचा हुकूम ऐकणं वेगळं. पहिलं दार बऱ्याचदा गरजेपोटी उघडतं. पुढच्या दोन दारांसाठी कोणाला तरी अडून बसावं लागतं, विठ्ठल आणि शिवराम बसले तसं.

थोडं अवघड वळण

हिरोंची गोष्ट सांगताना हा भाग लोक गाळतात. मी गाळत नाही, कारण आपण नागपूर जिल्ह्याचे आहोत. दीक्षाभूमी आपल्यापासून तासाभरावर आहे.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेब आंबेडकर उभे होते. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसनं उमेदवार दिला, पालवणकर बाळू. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले. त्याआधी १९३२ च्या पुणे कराराच्या वेळीही बाळू गांधीजींच्या बाजूनं होते. त्यांना मनापासून वाटत होतं की दार आतून उघडेल. बाबासाहेबांचा अनुभव आणि निष्कर्ष वेगळा होता, आणि १९५६ मध्ये नागपुरात त्यांनी काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता अमेरिकेत बघा. १९४९ मध्ये अमेरिकन संसदेच्या एका समितीनं जॅकी रॉबिन्सनला साक्षीला बोलावलं. कोणाविरुद्ध? पॉल रॉबसन या काळ्या गायकाविरुद्ध, जो सरकारला कडक बोलायचा. रॉबिन्सननं साक्ष दिली. त्यात त्यानं वर्णभेदावरही ठणकावून सांगितलं, पण मथळे झाले ते रॉबसनविरुद्धचे. आयुष्याच्या शेवटी आत्मचरित्रात त्यानं लिहिलं की आता रॉबसनबद्दल आपला आदर वाढला आहे.

दोन्हीकडे तेच दिसतं. ज्याला आत घेतलं, त्यालाच बाहेर उभ्या असलेल्या जास्त कडक माणसासमोर उभं केलं. यात बाळू किंवा रॉबिन्सन लहान होतात का? मला नाही वाटत. ज्यानं पहिलं दार ढकललं त्याच्यावर किती ओझं टाकलं जातं, एवढं मात्र दिसतं.

रेकॉर्ड कोणाचं?

शेवटचा मुद्दा आकड्यांचा, कारण तुमच्यातले अर्धे जण आकडेवाले आहेत, मला माहीत आहे.

२०२० मध्ये मेजर लीगनं मान्य केलं की १९२० ते १९४८ मधल्या निग्रो लीगही मेजरच होत्या. २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले. आणि काय झालं? कारकिर्दीतल्या बॅटिंग सरासरीत टाय कॉब हा गोरा खेळाडू कित्येक दशकं पहिला होता. तो खाली गेला. पहिल्या जागी आला जोश गिब्सन, सरासरी .३७२. दार उघडायच्या तीन महिने आधी वारलेला तोच गिब्सन. त्याला जाऊन ७७ वर्षं झाली होती.

बाळूंच्या नावावर प्रथम श्रेणीत ३३ सामन्यांत १७९ विकेट आहेत, सरासरी १५.२१. म्हणजे एक विकेट साधारण पंधरा धावांना. भारत पहिली टेस्ट खेळला १९३२ मध्ये, तेव्हा बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते. त्यामुळे टेस्ट खेळाडूंच्या यादीत त्यांचं नाव नाही. तुम्ही क्विझमध्ये 'भारताचे मोठे स्पिनर' विचारलं तर बहुतेक जण बेदींपासून सुरू करतील.

आणि आपलं मैदान

हा भाग तयार करताना मला माझीच एक गोष्ट आठवली. ती सांगतो आणि थांबतो.

मी कॉलेजात असताना आमच्या टेनिस बॉल टूर्नामेंटचा स्कोरर होतो. सकाळी पाच वाजता मैदानावर एक पोरगा यायचा. पाणी मारायचा, पिच चोपायचा, चुन्याच्या रेषा आखायचा. संध्याकाळी आमचे बॅट्समन सराव करायचे तेव्हा बॉल तोच टाकायचा, आणि कोणालाच नीट खेळता यायचा नाही. टीमची यादी मी माझ्या हातानं लिहायचो. तीन वर्षं लिहिली. त्याचं नाव एकदाही लिहिलं नाही. कोणी नाही म्हटलं नव्हतं. त्याची जात कोणी काढली नाही, काढायची गरजच पडली नाही. विषयच निघाला नाही, आणि मी काढला नाही. कागदावर नियम नव्हता, अमेरिकेसारखाच.

परवा त्याला फोन केला. एमआयडीसीत कामाला आहे आता. म्हटलं, "तुझ्यावर पॉडकास्ट करून राह्यलो." हसला. म्हणाला, "काऊन बे, एवढ्या वर्षांनी?" मग थोडा वेळ गप्प, आणि मग म्हणाला, "तुमच्या ओपनरले मी किती वेळा बोल्ड केलं, ते लिहिलं होतं काय कुठं?"

नव्हतं लिहिलं. सरावाचा स्कोर कोणी लिहीत नाही.

तर मंडळी, या रविवारी मैदानावर जाल तेव्हा चुना कोण आखतो ते बघा. त्याला विचारा, खेळतो का. खेळला तर चहा सगळ्यांसोबत होऊ द्या. आणि पुढच्या वेळी कप्तान निवडताना त्याचंही नाव निघू द्या. मग मला मेसेज करा, काय झालं ते. चांगलं झालं तरी सांगा, भांडण झालं तरी सांगा.

भेटू पुढच्या भागात. राम राम, जय भीम, आणि संत्र्याचा सीझन आहे, खात राहा!